पारिजातकाच्या पानातलं घर

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही ऐकलेला असतो, पण मला पाहिलेलं क्वचितच असतं. "टुविट् टुविट्" असा खणखणीत आवाज आला की तुम्ही एखादा मोठा पक्षी शोधू लागता, आणि मी तुमच्या नाकासमोरच्या फांदीवर असते. मी एक शिंपीण, चिमणीहूनही लहान. पाठ हिरवट, पोट पांढुरकं, डोक्यावर तांबूस टोपी आणि शेपटी कायम वर. मला दाट रान मानवत नाही आणि उघडा माळही नाही. जिथं रान सरतं आणि माणसांच्या परसातली झाडं सुरू होतात, ती कड माझी.

माझा जन्म करमाडच्या आमराईत, आंब्याच्या शिवलेल्या पानांत झाला. शिवण मला कुणी शिकवली नाही. पहिल्या वर्षी मी पिकलं पान घेतलं. चार दिवसांत ते गळून पडलं! तेव्हापासून कोवळं, मजबूत पान बघून घेते. चोचीनं काठाला बारीक भोकं पाडते, त्यांतून कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवते आणि धाग्याचं टोक बाहेरून पिंजून फुगवते, म्हणजे ते मागं सरकत नाही. पान झाडालाच राहतं, म्हणून घरही हिरवंगार.

यंदा श्रावणात मी आमराईला लागून असलेल्या मनकर्णाबाईंच्या परसातला पारिजातक निवडला. दुपारी त्या ओसरीवर वाती वळत बसत. त्यांची नजर चुकली की मी चिमूटभर कापूस उचलून नेई.

"मेघा, कापूस उडायलाय गं. पंखा बंद कर," त्या सुनेला म्हणाल्या.

"बंदच हाय की, आत्याबाई. सकाळपासून लाईट कुठंय?"

त्या मऊ कापसात मी तीन अंडी घातली. निळसर पांढरी, वर तांबडे ठिपके. त्याच आठवड्यात मनकर्णाबाईंचा नवा नेम सुरू झाला. बाळकृष्णाला पारिजातकाच्या फुलांची लाखोली वाहायची, रोज एक हजार फुलं. त्या दिवसाची हजार वाहून होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पारिजातकाचं फूल तोडत नाहीत, गळलेलंच देवाला चालतं. म्हणून त्या फटफटायच्या वेळी झाडाखाली धुतलेली चादर अंथरत आणि लांब काठीच्या आकडीनं फांद्या ओढून हलवत.

दोन दिवस पलीकडच्या फांद्या हलल्या. मी जीव मुठीत धरून बसले. तिसऱ्या दिवशी आकडी माझ्याच फांदीला लागली. घर असं हिंदकळलं की मी बाहेर फेकले गेले, आणि माझ्यामागून एक अंडंही. मी ओरडत सुटले.

भिंतीपलीकडून शेजारच्या अनवरीबी म्हणाल्या, "थांबा हो बाई! ती शिंपीण कशी वरडायली, बघा तरी."

मनकर्णाबाई चादरीवर वाकल्या. फुलांमध्ये फुटलेलं अंडं होतं.

"पालीचं असंल," मेघा म्हणाली.

"पालीच्याला ठिपके असतेत व्हय?" अनवरीबी म्हणाल्या. "वर बघा, पान शिवलंय."

मनकर्णाबाईंनी हलक्या हातानं पान उचललं. आतला कापूस बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, "अनवरी, हा तर माझ्या वातीचा कापूस गं."

"मंग तुम्हीच घरात घेतली म्हणायची तिला. आता तिचं घर हलवू नका."

त्या दिवशी अंडं सांडलेल्या चादरीवरची फुलं देवाला वाहिली गेली नाहीत. ती झाडाच्या बुडाशी ठेवून मनकर्णाबाई दिवसभर पाण्याशिवाय राहिल्या. मीही पंखांखाली दोनच अंडी घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आकडी आली नाही. चादर अंथरून मनकर्णाबाई नुसत्या बसून राहिल्या. फुलं आपल्या वेळेनं पडत होती. मला मोठं नवल वाटलं. पानाच्या फटीतून मी त्यांना बघत होते. हे माणूस कशाची वाट बघतंय? ऊन चढलं, फुलं गळायची थांबली, आणि मोजणी सहाशेवरच राहिली.

मेघा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आत्याबाई, ओठ वाळलेत तुमचे. एक झटका द्या, होतील हजार."

"त्या झटक्यानं काल एक गेलं की बाई."

"मंग असं उपाशी किती दिवस बसायचं?"

मनकर्णाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "देवा, आजपासून जेवढी पडतील तेवढी तुझी. उरलेली पुढच्या साली." आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

अंडी घातल्यापासून बाराव्या दिवशी दोन्हींतून पिल्लं बाहेर आली. माझा जोडीदार आणि मी मिळून त्यांना अळ्या भरवल्या. त्यापुढं चौदा दिवसांनी एका सकाळी दोन्ही पिल्लं काठावर आली, धडपडली आणि आमराईकडं गेली.

मेघानं लगेच आकडी आणली. "गेली बघा पिल्लं. आता खुशाल हलवा."

मनकर्णाबाईंनी रिकाम्या पानाकडं पाहिलं, मग साऱ्या झाडाकडं. "एवढ्या पानांत आणिक कुणाचं काय असंल, तुला ठाऊक हाय का?" असं म्हणून त्या चादरीजवळ बसल्या.

मित्रांनो, फांदी ओढण्याआधी, झाड छाटण्याआधी एकदा वाकून पानांच्या खालून बघा. एखाद्या काठाला पिंजलेल्या धाग्याचे बारीक गोंडे दिसले, तर थोडं थांबा. आम्हाला फार वेळ लागत नाही. सव्वीस दिवस पुरतात.