खिळा नव्हे, उलू

मी उलू बोलतेय. नाव ऐकून हसू नका, घुबडाशी माझा काही संबंध नाही. लॅब्रडोरच्या थंड किनाऱ्यावर इनुइट बायकांच्या हातात जी अर्धगोल सुरी असते, ती मी.

जन्मानं मात्र मी खिळा. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. समुद्रापलीकडून देवमासे मारायला येणाऱ्या लोकांनी मला एका मोठ्या होडीत ठोकलं होतं. ते उन्हाळाभर किनाऱ्यावर चरबी कढवायचे आणि गारठा वाढला की घरी पळायचे. एका वर्षी मोडकी होडी मागंच टाकून गेले.

मग इथलीच नाउयाक आली, नवऱ्याला आणि नणंदेला घेऊन. होडीतला एकेक खिळा उपसायची, दगडावर वाजवायची आणि फेकून द्यायची.

"हा पोकळ बोलतो. हा नको. हाही नको."

"अगं, लोखंड ते लोखंड," नवरा वैतागला. "घे चार आणि चल. वारा फिरतोय."

"तुझ्या भाल्याला कुठलंही चालेल. मला रोज कापायचंय."

मला वाजवलं तेव्हा तिनं मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजूनही ताठा आहे.

अकरा दिवस ती मला ठोकत होती. भट्टीबिट्टी काही नाही. थंड लोखंड, दोन दगड आणि बाईचा हट्ट. खिळा चपटा झाला, रुंदावला, गोलाईला आला. मग धार आली, वर लाकडी मूठ बसली. पहिल्याच दिवशी मी अख्खा सील सोलला. त्यानंतर काय काय नाही केलं! कातडं बेतलं, मासे चिरले, लेकरांच्या तोंडाशी मांसाचे घास कापले.

"वहिनी, जरा दे गं तुझी उलू," नणंद म्हणायची.

"आधी स्वतःच्या उलूला धार लाव."

म्हणायची असं, आणि द्यायचीच.

तीन हिवाळे असे गेले. पुढच्या वसंतात हिवाळ्याचं घर सोडून निघायची घाई चालली होती, तेवढ्यात मी झोपायच्या ओट्याच्या फटीत घसरले. नाउयाकनं सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी नणंदेवर घसरली, "घेतलीस तर घेतलीस, सांग तरी!"

"मला काय करायचीय तुझी खिळ्याची सुरी? नाक कापू तुझं?"

दोघी भांडत भांडत होडीपर्यंत गेल्या. थोड्या वेळानं पाण्यावरून त्यांचं हसू ऐकू आलं, मग तेही लांब गेलं. छप्पर खचलं, वर गवत उगवलं, माझी मूठ कुजली. चारशे वर्षं मी गंज पांघरून पडून राहिले.

मला बाहेर काढलं ते कोलेटनं. ही दक्षिणेतल्या शहरातून आलेली उत्खननवाली. हुशार, मेहनती, मच्छर चावले तरी जागची न हलणारी. त्या घरात तिला खिळे सापडले, तांबड्या कौलांचे तुकडे सापडले, निळे काचमणी सापडले. तिनं ठरवून टाकलं, हे देवमासेवाल्यांचं घर. थंडीत अडकून पडले असतील बिचारे. मला पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली: 'खिळा, ठोकून चपटा. युरोपीय.' सगळ्या पिशव्या विमानानं शहरात जायच्या होत्या. नाउयाकचं घर परक्यांच्या नावावर चढणार होतं आणि मला तोंड नव्हतं.

तोंड होतं तबेयाआजीला. ती जवळच्या गावातली इनुइट, सत्तरीची. उत्खननाच्या छावणीवर स्वयंपाक करायची. चहा घेऊन आली आणि पिशवीकडं बघतच राहिली.

"खिळा? पोरी, डोळे तपासून घे."

"आजी, लोखंड जहाजाचंच आहे. आम्ही तपासलंय."

"असेल की. ही बघ माझी." आजीनं कमरेची उलू काढली. "माझ्या नवऱ्यानं करवतीच्या पात्यातून केली. म्हणून मी सुतारीण झाले का?"

कोलेट हसली, पण मागं हटली नाही. "पण आजी, एकच वस्तू असती तर गोष्ट वेगळी. इथं सगळंच त्यांचं आहे. मणी, कौलं..."

"तुझ्या कपात चहा कुठला?"

"चीनचा असेल."

"आणि बूट?"

"तेही बहुतेक चीनचेच."

"मग हा तंबू चिनी लोकांचा म्हणायचा! उद्या खणणाऱ्यांना तसंच सांगू."

कोलेटनं पिशवी उघडली आणि मला आजीच्या तळव्यावर ठेवलं. चारशे वर्षांनी मला ओळखणारा हात! तिनं अंगठा फिरवला, मला उजव्या मुठीत धरलं, तोंड वाकडं केलं. मग डाव्या हातात घेतलं आणि तिचा चेहरा उजळला.

"डावखुरी होती बाई! धार कुठल्या बाजूनं झिजलीय बघ."

कोलेटनं भिंग लावलं. धार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग तिनं चिठ्ठी काढून टरकावली.

"आजी, हे घर तुमच्या माणसांचं असेल, तर बायका कुठं बसत असतील?"

"दिव्याजवळ. आणि दिवा ओट्याच्या या टोकाला. इथं खण."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं दगडी दिवा निघाला, चरबीच्या काजळीनं माखलेला. कोलेट गुडघ्यांवरच नाचली. गावातून होड्या भरून माणसं आली. वाळवलेले मासे, चहा, बेरी घातलेला केक, सगळ्यांचं एकदम बोलणं. कोलेटनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मी चुकले होते. हे घर तुमचं. त्यांचं लोखंड तुम्हीच निवडून आणलं होतं." वाजवून वाजवून निवडलं होतं, हे कुणी सांगायचं तिला?

मी शहरात गेले नाही. गावातच, सभागृहातल्या काचेच्या कपाटात राहते. शेजारी दिवा आहे, मणी आहेत. चिठ्ठी आजीनं सांगून लिहवून घेतली, आधी आपल्या भाषेत, खाली इंग्रजीत. हिवाळ्यात बायका माझ्यासमोर बसून सीलच्या कातड्याचे बूट शिवतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. मला दुसरं काय हवं?

हवंय खरं तर. एकच. दर उन्हाळ्यात कोलेट आली की आजी तो विषय काढते.

"एकदाच. एकच मासा कापू दे हिला."

"आजी, पाणी लागलं तर गंजेल."

"अगं, नुसती पडून राहिली म्हणून तर गंजली!"

 यंदा मात्र कोलेट कपाटाची किल्ली टेबलावर विसरून विमानात बसली. ती विसरभोळी नाही, हे आजीलाही ठाऊक आहे आणि मलाही.

जाळी उद्या टाकणार आहेत म्हणे. तुमच्यापैकी कुणी इकडं येणार असाल, तर आजीला माझा एवढा निरोप द्या: मासा ताजा बघ गं बाई, आणि पहिला काप मोठा घे.