रतिबाच्या सायकलीचं इंजिन

आमच्या ह्यांना एकच व्यसन आहे आणि तेही बाटलीतलंच. फक्त त्या बाटलीत इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल असतं. दारू पिणारा नवरा निदान पडून झोपतो तरी. आमचे जीवनराव पान्हा हातात घेऊन ओसरीवर बसतात आणि मला बॅटरी धरायला लावतात.

नाशिक रोडजवळच्या पळसे गावात आमचं अर्धा एकर रान. गुलाब, मोगरा, झेंडू, थोडी तुळस. पण घर चालतं ते फुलपुडीच्या रतिबावर. माझ्या सासूबाई नवसाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन नाशिक रोडच्या कॉलन्यांमध्ये हा रतीब उभा केला. पळसाच्या पानात फुलं बांधायची आणि घरातलं माणूस देवापुढे बसायच्या आत पुडी दाराच्या कडीला अडकवायची. बाजारात फुलांचा भाव आज आहे, उद्या नाही. रतीब मात्र बारमाही. तो तुटला की आम्ही सगळे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला, हे मला लग्न होऊन आल्या आल्या कळलं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. पुड्या बांधताना मी मोगऱ्याची एक कळी नाकाशी नेली, तर आत्याबाईंनी हातावर चापट मारली.

"देवाच्या आधी तू वास घेतला. मंग देवाला काय उष्टं फूल वाहायचं?"

त्यानंतर आमच्या घरात कुणी फूल नाकाला लावलं नाही. आत्याबाईंनी तर जन्मात कधीच लावलं नव्हतं.

हे सायकलच्या कॅरिअरवर बांबूची पाटी बांधून पुड्या नेत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुखाचा जीव दुःखात घालायची माणसाला हौस. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पुणे रोडवर एक म्हातारा मोपेडवरून ह्यांच्या पुढे गेला आणि ह्यांच्या डोक्यात इंजिन शिरलं. मोपेड परवडणारी नव्हती, म्हणून सायकललाच इंजिन बसवायचं. कुठलं, यावर महिनाभर जेवताना दुसरा विषय नाही. आधी भंगारातून मोपेडचं जुनं इंजिन आणलं, तर त्याच्या वजनाने सायकल उभी राहीना. शेवटी पाठीवरच्या फवारणी पंपाचं लहानसं इंजिन मिळालं. सावळीरामने ते कॅरिअरच्या खाली बसवलं. हा सावळीराम गावात पंप दुरुस्त करतो आणि त्याला काहीही विचारा, "होईल की" याखेरीज उत्तर नाही.

पहिल्या दिवशी इंजिन दारणा नदीच्या पुलापर्यंत गेलं आणि पुढच्या चढाला बसलं. मग मोठा कार्बोरेटर आला. त्याने ताकद आली, पण मागचा टायर झिजला, कारण इंजिनाचा रोलर टायरला घासूनच चाक फिरवायचा. मग रोलर काढून चेन बसवली. तेवढ्यात पिस्टन जाम झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

"तेल कमी पडलं," सावळीराम म्हणाला. झालं. त्या दिवसापासून हे पेट्रोलमध्ये तेल मापाने नाही, मायेने ओतायला लागले.

"तेलात कंजुषी नाय करायची, छाया. तेल म्हंजे इंजिनाचं तूप."

"अहो, पण केवढा धूर!"

"निघू दे की. धूर निघतोय म्हंजे आत वंगण हाय."

सायकल गल्लीतून निघाली की डासांचा धूर मारणारी गाडी आल्यासारखं वाटायचं. पोरं मागे धावायची.

आणि मग रतीब गळायला लागला. एक घर म्हणालं, गावाला चाललोय. दुसरं म्हणालं, आता अंगणातच जास्वंद लावलीय. नको म्हटलेल्या पुड्या पाटीतून परत यायच्या आणि देवाची फुलं पायदळी नकोत म्हणून आत्याबाई त्या शेवग्याच्या बुडाशी पुरायच्या. ह्यांनी निष्कर्ष काढला की आपण उशिरा पोचतो. वेग वाढवायला हवा. सायलेन्सर कापला. रोग हाल्याला आणि औषध पखालीला! आता धुराच्या जोडीला ठणठणाट. रात्रपाळी करून नोटांच्या प्रेसमधून आलेली माणसं खिडकीतून ओरडायची. मी सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एके दिवशी पाटीत चतुराबाईंची पुडी परत आली. आत्याबाईंच्या रतिबाचं हे पहिलं घर. चतुराबाईंच्या लेकीच्या लग्नाला आमचीच फुलं होती. आत्याबाई ओट्यावर बसल्या.

"काय म्हनली चतुरा?"

"काय नाय. नवसाला राग मानू नको म्हणावं, म्हणाल्या." मग हे माझ्याकडे वळले. "उद्या कार्बोरेटरचा जेट बदलतो. मंग बघ कसं पळतं."

माझं टाळकंच सरकलं. "घर बुडालं तरी जेट बदला!" असं म्हणून मी ती पुडी फाडली आणि मोगरा सरळ नाकाला लावला. आत्याबाईंचा हात चापटीसाठी वर गेला आणि माझं तोंड बघून तिथंच थांबला. मी कळी ह्यांच्यापुढे धरली.

"ह्याला तुमच्या इंजिनाचा वास येतोय."

"मला तर काय येत नाय," हे म्हणाले.

"तुम्हाला कसा येईल? तुमच्या अंगालाच तो वास हाय!"

इंजिन पाटीच्या बरोबर खाली. तेलाचा सगळा धूर बांबूच्या फटीतून फुलांत. लोकांना कळत होतं, पण म्हाताऱ्या नवसाबाईला तोंडावर कोण सांगणार? आणि आम्ही, देवाची फुलं म्हणून, कधी हुंगूनच बघितली नाहीत.

आत्याबाईंनी माझ्या हातातली कळी घेतली. सबंध जन्म मोगऱ्यात गेलेला, आणि त्यांनी तो पहिल्यांदा नाकाशी नेला.

"हे मी लोकांच्या देवाला दिलं?" त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडू आलं. ह्यांनी पान्हा उचलला आणि इंजिन सोडवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुड्या बांधताना आत्याबाई म्हणाल्या, "छाया, एकेक हुंग."

"आत्याबाई, उष्टी होतील."

"होऊ दे. शबरीची बोरं चालली, मंग मोगरा बी चालंल."

हे पायडल मारत पुढे गेले. आम्ही दोघी पहिल्या बसने नाशिक रोडला उतरलो आणि थेट चतुराबाईंच्या दारात गेलो. आत्याबाईंनी पुडी कडीला न लावता त्यांच्या हातात दिली. चतुराबाईंनी ती उघडली, आत्याबाईंकडे बघितलं, आणि त्यांच्यासमोरच फुलं नाकाशी नेली.

"आली गं, नवसा, पुन्हा तुझी फुलं," असं म्हणत त्या तशाच देवघराकडे वळल्या.

आत्याबाई पदराने डोळे पुसत पायऱ्या उतरल्या. खाली हे सायकल धरून उभे होते. घामाघूम झालेले, खाली मान घातलेले. मला त्यांची दयासुद्धा आली.

"काय म्हनल्या?" ह्यांनी विचारलं.

"घेतली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या चाकाकडे बघत ते हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, इंजिन पुढं बसवलं तर?"

आत्याबाईंनी ह्यांच्या हातावर चापट मारली आणि दुसऱ्या घराच्या पुड्या काढल्या.