सोनिवलीच्या शिवेवरचा बांबू

मित्रांनो, मी एकेकाळी टोलनाक्यावर आडवा पडणारा एक म्हातारा बांबू. माझ्याइतक्या शिव्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि मला त्या सगळ्या पटत होत्या.

मी वाढलो सोनिवलीत, रामभाऊंच्या घरामागच्या बेटात. सगळ्यांत सरळ म्हणून त्यांनी माझ्या पेरावर कोयत्याने खूण केली आणि लेकीच्या, विठाच्या, लग्नमांडवासाठी मला राखून ठेवले. पण आधी गावात रस्ता आला. सरकारकडे पैसा नव्हता म्हणे. म्हणून एका कंपनीने तो आपल्या पैशाने बांधायचा, वर्षानुवर्षे टोल घ्यायचा आणि मग सरकारला परत करायचा, असे ठरले. गावाने पेढे वाटले. टोलनाक्यावर आडवा टाकायला कंपनीच्या मॅनेजरने बांबू मागितला, तेव्हा रामभाऊंनी हौसेने मलाच तोडून दिले.

"रस्त्याला नाय कशाला म्हनायचं? लक्ष्मी येतेय दारात!"

लक्ष्मी आली, ती कंपनीच्या दारात. मला लाल-पांढरे रंगवून, बुडाशी दगडांचे पोते बांधून गावच्या शिवेवर बसवले. रस्ता कसला, आमच्याच जुन्या गाडीवाटेवर ओतलेले डांबर! वर्षभरात ते उखडले. खड्डे बुजवायला कंपनीला सवड नव्हती, मला खाली पाडायला मात्र होती. तोडणाऱ्या कोयत्याचाही मला एवढा राग आला नव्हता.

मग विठाचे लग्न ठरले. आमच्याकडे नवरदेवाला शिवेवर ओवाळून गावात घेतात. विठाची आई चांगुणाबाई तबक घेऊन माझ्या अलीकडे उभ्या राहिल्या. अंबरनाथहून आलेला वऱ्हाडाचा टेम्पो पलीकडे अडला.

"आधी पावती फाडा, मग ओवाळा," मॅनेजर म्हणाला. "रूल सगळ्यांना सेम."

नवरदेवाचे मामा शशिकांत टेम्पोतून कडाडले, "शिवेवर असा मान करता काय? ड्रायव्हर, गाडी रिव्हर्स घे!"

रामभाऊंनी घाईघाईने एक हात खिशात घातला, दुसरा माझ्यावर टेकला. रंगाखाली त्यांच्या बोटांना ती खूण लागली. खिशातला हात रिकामाच बाहेर आला.

"ह्यो तर माजा बांबू हाय!"

त्यांनी पोत्याचा दोर सोडला आणि मला खांद्यावर घेतले.

"चोरी आहे ही! पोलीस बोलावतो!" मॅनेजर ओरडला.

"बोलव की," चांगुणाबाई म्हणाल्या. "आमी बांबू दिला, तवा तू पावती फाडली व्हतीस का रं?"

नवरदेवाला ओवाळले, टेम्पो आत आला, मुहूर्त साधला. मला मांडवाच्या दाराशी रोवले. त्या दिवशी माझे अंग हळदीने माखले. आयुष्यात तेवढाच एक दिवस मी सुखी होतो.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रामभाऊंना दिवसभर चौकीत बसवून ठेवले. नाक्यावर लोखंडी दांडा आला. तो कुठल्याच बेटातला नाही, त्याला कुणी ओळखत नाही. टोल अजून चालू आहे.

मी आता गोठ्याच्या दाराला आडवा असतो. जुन्या वस्तूंना जपा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. गावात रस्ता आला की पेढे जरूर वाटा, पण आपल्या बेटातला बांबू देण्याआधी तो कुणाच्या वाटेत आडवा पडणार आहे, तेवढे विचारा.