नारिंगी फळ्या, पिशवीसकट

“चिखलासमोर सगळी माणसं समान असतात,” असं मुख्य डॉक्टर तेल्झान मराटोविच उभे राहून म्हणाले आणि खाली बसले. त्यांची स्वतःची पांढरी जीप गेल्या चार वर्षांत चिखलासमोर एकदाही गेलेली नव्हती.

निवड समितीच्या टेबलावर दुधाचा चहा होता, कणकेचे तळलेले बाउरसाक होते आणि मधोमध, मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं ठेवावं तशा, दोन फळ्या ठेवल्या होत्या. गाडी रुतली की चाकाखाली सारायच्या दातेरी फळ्या. एक काळी, जाडजूड, बघायला अगदीच दरिद्री. दुसरी नारिंगी, चकचकीत, आणि तिला चेनवाली पिशवी होती.

दाराजवळच्या स्टुलावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर झेत्पिसबाय बसला होता. वडिलांच्या सत्तराव्या वर्षी झाला म्हणून बापाने पोराचं नावच झेत्पिस, म्हणजे ‘सत्तर’, ठेवलं होतं. आयुष्यात उशीर होणार हे तेव्हाच ठरलं असावं. सव्वीस वर्षं तो जिल्हा रुग्णालयाची राखाडी गाडी चालवत होता. तिचा आकार पावासारखा, म्हणून सगळे तिला ‘पाव’च म्हणत. ड्रायव्हरचं मत घेतलं अशी नोंद व्हायला हवी होती, म्हणून आज त्याला आत घेतलं होतं. चहा मात्र त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

गावाच्या आणि अश्शीकुदुक वाडीच्या मध्ये सोर पसरलेला आहे. वर मिठाची पापडी, खाली लापशी. गेल्या वसंतात पाव तिथे रुतला. जुन्या विमानतळावरच्या लोखंडी जाळ्या झेत्पिसबायने चाकाखाली घातल्या, त्या होडीसारख्या वाकल्या आणि बुडाल्या. ट्रॅक्टर यायला चार तास लागले. तोवर परिचारिका गुल्पानने आपल्या शालीत गुंडाळून एक बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं होतं, आणि ते बाळ रडत नव्हतं. त्यानंतर झेत्पिसबायने चौदा अर्ज केले. त्याला दुसरं काही नको होतं. पुढच्या वेळी वजन झेलेल अशी फळी हवी होती.

“नारिंगी उठून दिसते,” स्टोअरकीपर रौशान म्हणाली. तिच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा होता आणि मांडीवर फाइल.

“चिखलात गेल्यावर काहीच उठून दिसत नाही, बाई,” झेत्पिसबाय म्हणाला.

“काळीला पिशवी आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.”

“मग ठेवायची कुठे?”

“छपरावर.”

“चिखलासकट? रुग्णवाहिकेच्या छपरावर?” डॉक्टरांनी असं तोंड केलं जणू कोणी त्यांच्या बाउरसाकवर बसलं होतं.

“साहेब, पाव भरला की पावणेतीन टन होतो. नारिंगीचं प्लास्टिक थंडीत बिस्किट होतंय. काळी वाकते, पण परत सरळ होते.”

“पुरावा?” डॉक्टर म्हणाले. हा शब्द त्यांना फार आवडायचा.

“रात्रभर दोन्ही छपरावर ठेवतो. सकाळी सगळ्यांदेखत चाक घालतो. मग तर झालं?”

रौशानने फाइल पुढे केली. “नमुने ताब्यात घेतल्याची सही कर, आगा.”

त्याने सही केली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते अवलक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कळायचं होतं.

सकाळी उणे अठरा होतं. अंगणात समिती फरच्या टोप्या कानावर ओढून उभी होती. झेत्पिसबायने विटांच्या दोन थप्प्यांवर काळी फळी आडवी टाकली आणि पुढचं चाक अलगद वर घेतलं. फळी कावडीसारखी खाली वाकली, कुरकुरली; चाक उतरल्यावर पुन्हा सरळ झाली. मग नारिंगी. चाक अजून पुरतं वर आलंही नव्हतं तोच खळ्ळकन आवाज झाला. फळीचे दोन तुकडे झाले. एक दाता उडून तेल्झान मराटोविचांच्या बुटावर जाऊन पडला.

 सव्वीस वर्षांत झेत्पिसबाय इतका बरोबर कधी ठरला नव्हता. तो गाडीतून उतरला आणि, खोटं कशाला बोला, थोडा हसलासुद्धा.

रौशानने वाकून तुकडे गोळा केले, पिशवीत घातले आणि चेन लावली. मग फाइल उघडली.

“नमुना जसा आला तसा परत करायचा होता,” ती म्हणाली. “सही कोणाची आहे?”

“माझी. पण मोडली म्हणूनच तर...”

“मोडलेला नमुना परत जात नाही.”

“मग नका देऊ परत! कचऱ्यात टाका!”

“नोंदीत असलेली वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बुटावरचा दाता उचलून रौशानच्या हातात दिला. तोही नोंदीतला होता. “विचार कर, झेत्पिसबाय. नमुना मोडू शकत नाही. खरेदी केलेली वस्तू मात्र मोडू शकते. म्हणजे आता एकच रस्ता उरला.”

“कुठला रस्ता?”

“खरेदीचा. नारिंगीच घ्यावी लागणार. तुझ्यामुळे.”

काळी फळी धडधाकट होती. त्यामुळे तिला पुसून, कागदात गुंडाळून, आभाराच्या पत्रासह परत पाठवण्यात आलं.

झेत्पिसबायला खुलासा लिहून द्यायला लावलं. त्याने लिहिलं, ‘फळी मोडली, कारण ती मोडकीच होती.’ रौशानने कागद परत दिला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं लिही म्हणाली. मी तुझ्या भल्याचंच सांगतेय म्हणाली. त्याने तसं लिहिलं. खाली सही करताना त्याला स्वतःच्याच हाताची किळस आली. सव्वीस वर्षांत त्या गाडीत रक्त, ओकारी, डिझेल, काय काय त्याने धुतलं होतं. किळस कधी आली नव्हती. बाहेर येऊन त्याने बर्फाने हात घासले, शाई गेली नाही.

आठ नारिंगी फळ्या आल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नोंदक्रमांक टाकला गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळलं आणि अश्शीकुदुकहून निरोप आला. उल्झान नावाची सून पहाटेपासून अडली होती. बाळ पायाळू होतं. रौशानने दोन फळ्या सही घेऊन दिल्या. “क्रमांक पुसू नकोस हं, आगा,” ती म्हणाली.

जाताना जमीन पुरेशी कडक होती. येताना ऊन झालं होतं. पावात मागे उल्झान आडवी होती, शेजारी गुल्पान, आणि लोखंडी बाकावर सासू दामेत्केन, बुडाखाली घडी केलेला लोकरीचा जाड नमदा घेऊन. सोराच्या मध्यावर मागची दोन्ही चाकं गडप झाली. गेल्या वर्षीची जागा इथून शंभर पावलांवर होती. गुल्पानने काचेतून तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

झेत्पिसबायने दोन्ही फळ्या सारल्या, बिस्मिल्ला म्हटलं, गिअर टाकला. आधी डावी मोडली, मग उजवी. चाकं जागीच फिरत राहिली, तसे दाते घासून वितळले आणि चाकांना चिकटले. नोंदक्रमांक मात्र स्पष्ट दिसत होते.

तो चिखलात गुडघ्यावर बसून राहिला. चिखलाची त्याला कधीच किळस आली नव्हती. चिखल जसा आहे तसाच दिसतो. त्याला ते टेबल आठवलं, तो चहा, ती चेन.

“झेत्पिस! देवाचं नाव घेऊन झालं असेल तर इकडे बघ,” म्हातारी दामेत्केन गाडीच्या मागच्या दारातून ओरडली. तिने नमदा खाली फेकला. पांढऱ्या लोकरीवर काळ्या शिंगांची नक्षी. असा नमदा सुनेच्या आंदणात येतो आणि तिच्या नातवंडांपर्यंत पुरतो.

“अजे, हा चाकाखाली घालू?”

“मग काय, हा घरी राखून नातवंड चिखलात घालू?”

“चाकं दोन आहेत, अजे. हा एकच आहे.”

म्हातारी खाली उतरली. घोट्यापर्यंत आत गेली, बूट उपसून पुन्हा उभी राहिली. “सुरी दे.”

“मी कापतो.”

“मी लोकर लाटून केलाय, मीच कापणार. सात बायका तीन दिवस लागल्या होत्या. त्यातल्या चार वर गेल्या. तू दे सुरी.”

तिने नक्षीच्या बरोबर मधोमध सुरी चालवली. घट्ट लोकर सहजासहजी कापली जात नव्हती, ती दात ओठ खात कापत राहिली, आणि आतून सून कण्हली की तिकडे न बघता म्हणायची, “थांब गं, तुझाच रस्ता करतेय.”

नमद्यावर चाक चढलं. घसरलं नाही. ओली लोकर रबराला धरून बसली. पाव दोन हात पुढे आला. म्हातारीने एक तुकडा चिखलातून ओढून काढला, झेत्पिसबायने दुसरा. पुन्हा पुढे घातले. पुन्हा दोन हात. किती वेळा, ते कोणी मोजलं नाही. शेवटी दोघांच्या तोंडावर इतका चिखल होता की सोर ओलांडल्यावर गुल्पानने दोघांकडे बघितलं आणि नक्की म्हातारी कोण, असं विचारलं.

बाळ रुग्णालयात झालं. मुलगी. पाय आधी, मग डोकं, मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं रडणं. झेत्पिसबाय व्हरांड्यात भिंतीला टेकून ते ऐकत उभा राहिला; रौशानने येऊन फळ्यांचे तुकडे मागितले तेव्हासुद्धा तो म्हणाला, “थांब जरा, बाई. ऐकू दे.”

जिल्ह्याच्या अहवालात तेल्झान मराटोविचांनी लिहिलं की नव्या साधनामुळे माता व बालक सुखरूप आहेत. सोबत उरलेल्या सहा फळ्यांचा फोटो होता, उन्हात काढलेला.

नमद्याचे दोन्ही तुकडे झेत्पिसबायने पाण्याच्या नळीखाली तीनदा धुतले. चिखल गेला, मीठ राहिलं. वाळल्यावर लोकर पुठ्ठ्यासारखी ताठ झाली आणि काळ्या शिंगांवर पांढरं पडलं. पुढच्या फेरीला त्याने ते अश्शीकुदुकला नेले, खाली मान घालून. दामेत्केनने दोन्ही तुकडे हातात घेतले, अंगठ्याने मीठ खरवडलं.

“ताठ झालाय,” ती म्हणाली. “माझ्यासारखा.” एक तुकडा तिने पाळण्याखाली पसरला. दुसरा गुंडाळून त्याच्या काखेत दिला. “हा गाडीत ठेव. याला पिशवी नाही.”

मार्च महिन्यात रुग्णालयात लेखी सूचना लागली: नारिंगी फळ्या मोडण्याचा संभव असल्याने त्या यापुढे चाकाखाली घालू नयेत. चार फळ्या रौशानच्या कुलपात गेल्या. दोन मुख्य दारासमोर आडव्या टाकल्या आहेत. त्यांच्या दात्यांवर बुटांचा चिखल चांगला निघतो.