भागवत एकादशीची भरती

हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. एक तर मी शिडाच्या बोटीत कधी बसलेलो नाही. मोरा बंदरावरून सुटणाऱ्या लाँचमध्येसुद्धा मला मळमळतं. दुसरं म्हणजे ही गोष्ट माझी नाही, माझी मैत्रीण प्राप्ती हिची आहे, आणि तिलाच ती अजून नीट कळलेली नाही. पण डोक्यातून जात नव्हती. म्हणून मोबाईलवर जमेल तशी टाईप करतोय.

प्राप्ती तेव्हा दहा वर्षांची. घर उरणचं. तिचे पप्पा जीवन, मुंबईच्या बंदरात श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी सांभाळायचे. त्यातला एक मालक कायमचा परदेशी गेला आणि जाताना एक जुनी बोट यांच्या गळ्यात टाकून गेला. पप्पांनी ती उरणजवळच्या करंजा गावाच्या किनाऱ्यावर चार वर्षं ठोकून, घासून, रंगवून उभी केली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं. ठमाबाई. त्रिपुरी पौर्णिमेला पप्पा, आई आणि प्राप्ती, तिघं निघाले. वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, होळीला घरी परत. शाळेतल्या बाईंनी अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं कबूल केलं होतं.

पहिले दोन दिवस प्राप्तीला वाटलं, आपण राणी. बोटीच्या पुढच्या निमुळत्या खोपटात तिचं अंथरूण होतं. कानाशी एक फळी आणि फळीपलीकडे थेट दर्या. दोरीच्या बादलीने पाणी ओढायचं, खाऱ्या पाण्यात भांडी विसळायची, पेला ठेवला की दोन बाजूंनी फडकी कोंबायची, नाहीतर गेला घरंगळत. शाळेच्या वहीत सगळी अक्षरं एका अंगाला कललेली.

आणि तिच्याकडे एक मोठं काम होतं. भरती सांगायचं.

पप्पांचं घराणं मिठागरवालं. मिठागरात दर्याचं पाणी आत घ्यायचं तर उघाडी म्हणजे पाण्याची झडप वेळेवर उघडावी लागते. प्राप्तीचा आजा धर्माजी ती वेळ तिथीवरून काढायचा. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आजाने नातीला हे पाढ्यांच्या आधी शिकवलं. पप्पा मोबाईलवर भरती बघायचेच नाहीत. "माझ्या बापाचं मीठ कधी मोबाईलनी पिकलं व्हतं काय?" म्हणायचे. खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं आणि रोज सकाळी हाक यायची, "प्राप्ती, पाणी कवा?"

सगळं बरं चाललं होतं. फक्त आईला बोट लागत होती.

आई अमिषा माणगावकडची. भातशेतीतली. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकेल, पण या डुचमळण्यापुढे तिने हात टेकले. दहा दिवसांत पेजेशिवाय पोटात काही टिकलं नव्हतं. रमतगमत अलिबागला पोचले, तिथे बोट उभी असताना एका सकाळी ती सरळ म्हणाली, "रेवदंडा आला की मी उतरते. तिथनं एसटीने माणगाव. माझ्यानं न्हाय व्हायचं."

पप्पा दोरी गुंडाळत होते, ते थांबले. "आणि प्राप्ती?"

"तिला इचारा."

"व्हय, तिलाच इचारू. रेवदंड्याला सांगू दे."

बस, झालं. दोघांनी पोरीच्या डोक्यावर निर्णयाचा हंडा ठेवला आणि आपापल्या कामाला लागले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने तर ती पार गोंधळून गेली. पप्पांनी सुकाणू तिच्या हातात दिलं, आधी कधी देत नव्हते. आईने केसांना तेल लावता लावता सांगितलं की मामाकडे गाय व्यायलीय, वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. दोघंही गोड बोलत होते, आणि दोघांच्या गोड बोलण्याची तिला भीती वाटायला लागली. पप्पांशी हसली की आईकडे बघायची. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की पप्पांचे पाय कुठे वाजतायत ते ऐकायची. रात्री ठरवायची, आईबरोबर. सकाळी शीड भरलं, की छे, पप्पांबरोबर.

रेवदंड्याच्या खाडीबाहेर पोचले त्या सकाळी आईने चहाचा कप हातात धरून सांगितलं, "मला काय खायला नको. एकादशी हाय."

तेवढ्यात वरून हाक. "प्राप्ती, पाणी कवा?"

"एकादशी," प्राप्ती ओरडली. "अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार. सव्वाआठ!"

खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे. पाणी भरत आलं की वरून जाता येतं. पप्पा नेहमी भरतीच्या अर्धा तास आधी शिरायचे. पावणेआठला त्यांनी बोट आत घातली.

आधी खालून खरखर आली. मग कोणीतरी कमरेला धरून ओढल्यासारखी बोट थांबली, आणि हळूहळू एका कुशीवर कलली. डबे घरंगळले. चहा आईच्या गाऊनवर.

"लागली!" पप्पांनी धडाधड शीड उतरवलं. मग बाजूच्या पाण्याकडे बघत राहिले. "अजून जोरात भरतंय. ही सव्वाआठची भरती न्हाय. तिथी कोणी सांगितली?"

"मी," प्राप्ती म्हणाली.

"एकादशीच हाय," आई मध्ये पडली. "फाटेपासून उपाशी हाय मी."

पप्पा रांगत आत गेले. बोट कलल्यामुळे कॅलेंडर भिंत सोडून हवेत लोंबत होतं. "हे बघ. काल स्मार्त एकादशी. आज भागवत. उजाडता उजाडता एकादशी संपली, बारस लागली. बारसेची भरती नऊला!"

"आमच्यात भागवतच धरतात. माझा बाप माळकरी हाय."

"अगो, पण दर्या माळकरी न्हाय ना!"

आई कललेल्या फळीला धरून उभी राहायला बघत होती. ती फणकारली, "तुमची आय ठमाबाईपण काय कमी न्हाय. पाण्यातसुदा वाकडीच बसली!"

पप्पांना हसू फुटलं. आईलाही. अकरा-बारा दिवसांत दोघं एकदम हसली ती हीच वेळ. प्राप्तीही हसणार होती, तेवढ्यात पप्पा वळले.

"पण कॅलेंडर तर तूच बघतेस रोज. कालचं बघितलं नव्हतंस?"

"बघितलेलं."

"काल पाणी कवा सांगितलंस?"

"सव्वाआठ."

"मग आजपण सव्वाआठ कसं गं येईल?"

प्राप्तीला काल एकादशी वाचलेली आठवत होती. आज आईचा उपास ऐकलेला आठवत होता. मधे एक क्षण होता, तोंड उघडायच्या आधीचा, आणि त्या क्षणात आपल्याला काय माहीत होतं ते काही केल्या आठवेना.

आईने हळूच विचारलं, "मुद्दाम केलंस का बाय? रेवदंडा येऊ नये म्हणून?"

"माहीत नाय."

"सांग ना, कोण रागावणार न्हाय."

"माहीत नाय मला! खरंच माहीत नाय!" आणि ती जी रडायला लागली ती आजपर्यंत दाबलेलं सगळं घेऊन.

आईने पप्पांकडे बघितलं. "बघितलंत? तुम्ही म्हणालात तिला इचारू."

"मी? आधी तू म्हणालीस."

"मी रागात म्हणाले. तुम्ही धरून बसलात."

वाळूत रुतलेल्या बोटीवर बसून तोऱ्यात तरी किती राहणार माणूस. शेवटी पप्पा म्हणाले, "चुकलं आपलं."

आईने गाऊन कमरेला खोचला आणि काही कळायच्या आत ती बोटीवरून खाली उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत. पप्पा ओरडले, "अगो, कुठं चाललीस?"

"कुठं न्हाय. पायाखाली जमीन हाय, उभी राहते जरा." तिने पायाने खाली चाचपलं. "रेती हाय घट्ट. भाताच्या आवणीचा चिखल यापेक्षा वाईट." मग डोळे मिटून म्हणाली, "किती दिसांनी पोट जागेवर आलं माझं."

पप्पा वर दोरीला धरून, त्यांचा चेहरा एवढा सगळा घोळ होऊनही खुशीत. आई खाली पाण्यात, तीही खुशीत. प्राप्ती कललेल्या फळीवर बसून एकदा वर बघायची, एकदा खाली.

"प्राप्ती," आई खालून म्हणाली, "तुला आता कोण काय इचारणार न्हाय. आमचं आम्ही बघू."

आई वर चढली, आणि साडेआठच्या सुमाराला बोट तरंगून सरळ झाली. वेळ बरोबर सांगितली असती तरी ते साडेआठलाच आत शिरले असते. म्हणजे चुकून किंवा मुद्दाम, जे काय केलं त्याने रेवदंडा एक मिनिटसुद्धा लांबला नाही.

बोट चौलच्या कान्हाकडे, पप्पांच्या ओळखीतल्या एकाकडे, सोपवली आणि तिघंही एसटीने माणगावला गेले. वासराच्या कपाळावर ठिपका खरंच होता. चौथ्या दिवशी पप्पा कान्हाला सोबत घेऊन पुढे निघाले. माय-लेकी उरणला, शाळेला. सुट्टी लागली की बोट जिथे असेल तिथे आई प्राप्तीला एसटीने नेऊन सोडायची, आणि स्वतः धक्क्यावरूनच हात करायची. तिघांनाही जमलं ते.

फक्त प्राप्तीला एक राग आला होता, तो कोणालाच सांगता येईना. विचारलं तेव्हा नको झालं होतं. आणि आता ठरवलं, तर तिला न विचारता.

हे तिने मला परवा सांगितलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "तू लिहिशील, मी मुद्दाम केलं म्हणून. गोष्ट तशीच चांगली वाटते ना."

"चुकून केलं असंही लिहिता येईल."

"ते पण नको. मला माहीत नाय रे अजून."

मी म्हटलं, "मग तेच लिहितो. तुझ्या वतीने मी काही ठरवणार नाही. शब्द देतो."