उलट्या शिवणीचा झगा

स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा गौतमी त्याच्याकडं पाठ करून पाढे लिहीत बसली होती. केशरबाईनं आधी पोरीला ओढलं आणि मग स्वतःच्या पेटत्या पदराकडं पाहिलं. पोरीची पाठ भाजली; आईचा डावा खांदा, मान आणि दंड. दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन ज्या घरानं तग धरला होता, ते चहाच्या एका आधणानं खाली बसवलं.

परभणीच्या दवाखान्यातून मायलेकी पिंगळीला परतल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. केशरबाईचा नवरा सूर्यभान रेल्वेत गँगमन होता. स्टेशनाच्या पलीकडं त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. घरात त्याची म्हातारी आई, सुलाबाई. म्हातारीनं उंबऱ्यात दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला पोटाशी धरायला गेली. पाठीला हात लागताच पोर किंचाळली. त्या दिवसापासून सुलाबाई नातीच्या फक्त डोक्यावरून हात फिरवायची.

जखमा भरल्या, पण भरता भरता कातडी आक्रसली. केशरबाईचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, नाहीतर आहे तिथंच आखडून बसेल. ती सकाळी भिंतीपाशी उभी राहायची, बोटं जमतील तेवढी वर सरकवायची आणि मग तिथंच कपाळ टेकून उभी राहायची. दुखणं एक वेळ सोसवायचं, थकवा सोसवत नव्हता. दोन भाकरी थापल्या की खाली बसावं लागायचं. डोकं विंचरायचं तर सासूच्या पुढ्यात बसायचं. झोपून उठलं तरी झोपेतून नव्हे, कामावरून आल्यासारखं अंग असायचं.

भाजायच्या आधी क्वार्टरांतल्या साऱ्या बायांचे झंपर केशरबाईच्या पायमशीनवर शिवले जायचे. आता मशीनवर गोधडी टाकलेली होती आणि तिचं स्वतःचंच झंपर तिच्या अंगाला सोसत नव्हतं. काखेतली शिवण करवतीसारखी घासायची. संध्याकाळी झंपर काढलं की त्याच्या आतल्या बाजूला रक्ताची बारीक रेघ असायची. पदराचं तर नावच नको. डाव्या खांद्यावर पदर पडला की कुणी पाट्याचा दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी धुतलेलं झंपर वाळलं नव्हतं म्हणून तिनं सूर्यभानचं जुनं बनियन अंगात अडकवलं आणि भिंतीपाशी गेली. बोटं वर सरकली तसं बनियनही सरकलं. हात खाली आला तसं तेही खाली आलं. कुठं टोचलं नाही, कुठं अडलं नाही. ती तशीच उभी राहून बनियनचा काठ दोन बोटांत धरून ताणून बघत राहिली.

"काय बगायलीस?" सुलाबाईनं विचारलं.

"हे कापड ऐकतंय आत्याबाई," ती म्हणाली.

जून उजाडला आणि शाळा सुरू झाली. गौतमी चौथीत गेली होती. भिंतीला टेकता येत नाही म्हणून ती वर्गात पुढं वाकून बसायची, आणि पोलक्याच्या पाठीवरची बटणं नेमकी त्या नव्या कातडीवर यायची. घाम त्या कातडीतून निघत नव्हता, नुसती आग व्हायची. पाठ खाजवून खाजवून पोर रक्त काढायची. एका दुपारी ती दप्तर टाकून म्हणाली, "मला न्हाई जायचं शाळेत. बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी केशरबाई पॅसेंजरनं परभणीला गेली.

कापडबाजारात गुरुसिद्धप्पांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर कापडाचा गज. पूर्वी अस्तर, दोरा केशरबाई त्यांच्याकडूनच न्यायची. तिला पायरीवर बघून त्यांची नजर मानेवर गेली आणि लगेच खाली आली. "बसा, बाई. पानी घ्या आधी."

"आप्पा, बनियनसारखं कापड हाय का? ताणलं तर ताणणारं. पण जरा जाड."

गुरुसिद्धप्पांनी वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक तागा काढला. गर्द जांभळा, विणीचा, हातात घेतला की पाण्यासारखा निसटणारा. "जर्सी म्हणत्यात याला. लुधियानाचा माल. हौसेनं मागवला अन् फसलो. एक बी टेलर हात लावत न्हाई. म्हणत्यात, शिवताना कापड पळतंय."

"पळू द्या," केशरबाई म्हणाली. "मला बी घाई न्हाई."

टेलर खोटं बोलत नव्हते. कापताना कापडाच्या कडा सुरळ्या होऊन आत वळायच्या. मशीनच्या पायाखाली ते लांबायचं आणि शिवण लाटेसारखी वर-खाली व्हायची. कशीबशी टीप मारून तिनं गौतमीच्या डोक्यातून पहिला झगा घातला, पोरीनं हात वर केले आणि काखेपासून कमरेपर्यंत दोरा तट तट तुटत गेला. कापड ताणलं, दोरा ताणेना.

केशरबाईनं तो झगा मशीनवर टाकला, भुईवर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. रडूसुद्धा येत नव्हतं. सुलाबाई दारातून म्हणाली, "कामून जिवाला लावून घेतीस? ऱ्हाऊ दे की. लय झालं तर उघडी बसंल पोर घरात."

"उघडी किती वर्सं बसंल, आत्याबाई?"



चार दिवस कापड तसंच पडून राहिलं. मग तिनं पुन्हा मशीन उघडलं. बारीकातली बारीक सुई लावली, दोऱ्याचा ताण सैल केला, कापडाखाली जुन्या वर्तमानपत्राची पट्टी ठेवली म्हणजे मशीनचे दाते कापड ओढणार नाहीत. टीप सरळ न मारता हातानं जरा इकडं, जरा तिकडं अशी नागमोडी नेली. मग दोऱ्यालाही ताणायला जागा मिळाली. डावा हात भरून आला की ती थांबायची. एक बाही शिवायला एक दुपार जायची. बटणं तिनं टाळलीच. गळा पुढून उघडा ठेवून तिथं त्याच कापडाचे बंद लावले. पाठीवर जोड नको म्हणून मागचा भाग अखंड कापला. आणि सगळ्यात शेवटी तिनं झगा उलटा केला आणि तो उलटाच असू दिला. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू आत.

गौतमीनं तो घातला आणि बराच वेळ अंगावरून हात फिरवत उभी राहिली. "माय, हे उलटं हाय," ती म्हणाली.

"उलटंच असू दे. टोचतंय का?"

पोरीनं मान हलवली. जेवण झाल्यावर ती चटईवर पडली, आधी पालथी, मग कुशीवर, आणि मग हळूच, श्वास रोखून, पाठीवर. केशरबाई आणि सुलाबाई दोघी भांडी घासायची सोडून बघत राहिल्या. पोर पाठीवर झोपली होती. तोंड उघडं, हात पसरलेले.

उरलेल्या कापडात केशरबाईनं स्वतःला तसाच झगा शिवला, घोट्यापर्यंत. तेव्हा मात्र सुलाबाई खवळली. "सवाष्ण बाई, अन् झगा घालून हिंडनार? लोकं तोंडात शेण घालतील. आगं, मिशनच्या मडमा घालत्यात असलं!"

केशरबाईनं संध्याकाळी नवऱ्याकडं पाहिलं. सूर्यभान दिवसभर रुळांवर घण मारून आला होता. तो घटाघटा पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि आईला म्हणाला, "तिचं भाजलंय, तिला कळतंय." एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला.

नळावर बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शेजारची बायनाबाई म्हणाली, "केशर, माय, आता केस बी काप की." केशरबाई हंडा भरून उजव्या काखेत घेऊन चालू लागली. लाज वाटायची नाही असं नव्हतं. पण लाजायलाही अंगात बळ लागतं, आणि होतं नव्हतं तेवढं बळ हंडा उचलण्यात संपायचं.

पोर आता बरी आहे, शाळेत घ्या, एवढंच सांगायला ती गौतमीला घेऊन शाळेत गेली. दोघींच्या अंगात तेच जांभळं कापड, तेच बंद, त्याच बाहेर आलेल्या शिवणी. पोरांनी खिडक्यांत गर्दी केली. कुणीतरी ओरडलं, "दोन वांगी आली, दोन वांगी!" आणि सगळा वर्ग खिदळला.

दत्तराव गुरुजींनी छडी आपटून पोरांना बसवलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, मला कळतं," ते म्हणाले, "पण तपासणीला साहेब येतात. गणवेश पाहिजे. पांढरं पोलकं, निळा परकर. रंग तेवढा सांभाळा, मग कापड कसलं का असंना."

"पांढऱ्या बनियनच्या कापडाचं चालंल?"

"चालेल. न चालायला काय झालं?"

केशरबाईला हायसं वाटलं. एवढ्याशा गोष्टीला आपण किती दिवस भीत होतो, असं तिच्या मनात आलं. पण घरी येताना गौतमी बरोबर चालेना. ती पुढं पुढं, जवळजवळ पळत होती. फाटकापाशी मालगाडी जायची होती म्हणून थांबावं लागलं, तेव्हा पोर डब्यांकडं बघतच म्हणाली, "माय, तू पुन्यांदा शाळेत येऊ नको."

गाडी लांबलचक होती. केशरबाईनं शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाली, "बरं."

बनियनच्या कापडाचं पोलकं घालून गौतमी रोज शाळेत जाऊ लागली. केशरबाई शाळेच्या वाटेला गेली नाही. एकदा पोर डबा विसरली तर तिनं सुलाबाईला पाठवलं. म्हातारी गुडघे धरत जाऊन आली आणि दिवसभर कण्हत बसली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. हात भिंतीवर थोडा वर जाऊ लागला होता. बायनाबाई एक दिवस नळावर हळूच म्हणाली, "माझ्या सुनंला झंपर काचतंय गं. लेकराला पाजताना लय तकलीफ होते. तुझ्यासारखं काही शिवशील का?" केशरबाईनं शिवून दिलं. केस कापण्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

जानेवारीत गौतमी घरी आली ती दाराशीच घुटमळत राहिली. "सव्वीस तारखेला शाळेत गाणी हायेत," ती शेवटी म्हणाली. "मी पुढच्या रांगेत हाय. सगळ्यांच्या माया येनार हायेत."

"मग तुझी आजी येईल की."

गौतमी बाहेर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशरबाईनं आपला जांभळा झगा पाटावर पसरला आणि कमरेच्या खाली कात्री चालवली. गौतमी शाळेतून आली तेव्हा झग्याचे दोन तुकडे झाले होते.

"कामून कापला?" पोरीचा आवाज चिरकला.

"वरच्याचं झंपर करते. त्यावर लुगडं नेसता येईल. पदर उजव्या खांद्यावर घेईन."

"मी कापायला सांगितलं नव्हतं!"

"न्हाई सांगितलंस," केशरबाई म्हणाली. तिला रागही आला नव्हता आणि माफ करण्यासारखंही काही वाटत नव्हतं. फक्त कडेला दुमड घालायची राहिली होती आणि हात भरून आला होता. "हे धर जरा. डावीकडून ओढू नको, नुसतं सरळ धर."

गौतमीनं दप्तर खाली ठेवलं, नाक पुसलं आणि कापड धरलं. केशरबाईनं पाय मारायला सुरुवात केली. कापड पोरीच्या बोटांतून सरकत राहिलं. मध्येच गौतमी थांबली. "माय, सुई वाकडी चालली."

"वाकडीच चालू दे. सरळ चालली तर तुटंल."

सव्वीस तारखेला केशरबाई लुगडं नेसून निघाली, पदर उजव्या खांद्यावरून पुढं घेतलेला. बायनाबाईनं दारातून हाक मारली, "आगं, मारवाडीन झालीस काय?" आणि बऱ्याच दिवसांनी केशरबाईला हसू आलं.

शाळेच्या अंगणात बाया एका बाजूला बसल्या होत्या. ती सगळ्यांत मागं, कुंपणाशी बसली. झेंडा झाला, सरपंचांचं भाषण सुरू झालं आणि संपेचना. ऊन कोवळं होतं. झंपर टोचत नव्हतं. गाणी सुरू झाली तेव्हा तिनं पुढच्या रांगेतली गौतमी शोधली, पांढऱ्या पोलक्यातली, उन्हात डोळे बारीक केलेली. पहिलं कडवं तिनं नीट ऐकलं. दुसऱ्याला पापण्या जड झाल्या. कुंपणाच्या खांबाला टेकून, एवढ्या माणसांत, केशरबाईला गाढ झोप लागली.

कुणीतरी उजवा हात हलवत होतं. डोळे उघडले तर अंगण रिकामं होत आलं होतं आणि समोर गौतमी उभी होती. मागं तिच्या वर्गातल्या दोन पोरी, हातात खाऊचे पुडे.

"गाणं झालं?" केशरबाई दचकून उठायला लागली. "माय गं, मी झोपले का?"

"घोरायलीस," गौतमी म्हणाली. पोरी खुदखुदल्या. गौतमीही हसली, पण तिनं आईचा हात सोडला नाही. "ही माझी माय," ती त्या पोरींना म्हणाली, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. मग आईला म्हणाली, "हळू ऊठ. डाव्या हातावर भार देऊ नको."

चौघी फाटकापर्यंत बरोबर चालल्या. तिथून पोरी आपापल्या घरी गेल्या आणि मायलेकी रूळ ओलांडून क्वार्टरांकडं वळल्या. भाकरी अजून व्हायच्या होत्या.