परत सांगा की!

“तुमची कमजोरी काय?”

पारमितानं पप्पांचा कोट अंगात घातला होता. कोट गुडघ्यापर्यंत आलेला, बाह्यांत हात गडप, नाकावर आज्जाचा चष्मा. समोर खुर्चीत तिची आक्का, सुविधा. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहरा बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा!

“सर, माझी कमजोरी म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे. काम शंभर टक्के झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.”

“अजून?”

“अजून… मी गरजेपेक्षा जास्त कष्ट करते.”

पारमितानं चष्मा कपाळावर चढवला. “आक्का, ही कमजोरी हाय व्हय? ही तर साबणाची जाहिरात हाय!”

मैत्रिणींनो, मित्रांनो, असली मुलाखतीची रंगीत तालीम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी होत असेल. सुविधाला हे उत्तर क्लासमध्ये मिळालं होतं. तिला एकटीला नव्हे, सगळ्या वर्गाला तेच! अख्खा वर्ग परफेक्शनिस्ट. मग त्या वर्गातला फळा कधीच धड पुसलेला का नसायचा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सुविधाच्या आधीच्या मुलाखती वाया गेल्या होत्या. आता बेळगावजवळच्या मच्छेच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. माल पाठवायच्या विभागात, ऑफिसातली जागा. हीसुद्धा गेली, तर तिनं पुण्याला मामाकडं राहायचं आणि तिकडंच काहीतरी बघायचं, असं घरात ठरलं होतं. सुविधाला निपाणी सोडायची नव्हती. सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो आज्जात. आज्जाला कमी ऐकू यायचं. टीव्हीवरच्या बातम्या, दारावर आलेल्याचं नाव, पप्पांची कुरकुर, सगळं त्याला परत सांगायचं काम सुविधाचं.

“बरं, खरी कमजोरी सांग की,” पारमिता म्हणाली. “मी सांगू? कुंदा!”

“पारू, गप गं!”

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या देवाप्पा आज्जानं मान वर केली. “आँ? काय म्हनलीस?”

“काय न्हाय आज्जा!”

“न्हाय कसं? कायतरी म्हनलीस. परत सांग.”

पारमितानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, “कुंदा! आक्कानं कुंद्याचा घोळ घातला, म्हणून दुकानातनं काढलं तिला!”

झालं! जे गुपित दोघी बहिणींनी एवढं जपलं होतं, ते आता गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं. सुविधाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग आज्जाच्या कानाशी बसून सगळं सांगावंच लागलं. सुविधा बेळगावात एका मिठाईच्या दुकानात फोन घ्यायचं काम करत होती. एके दिवशी सौंदत्तीकडून एका नवरीच्या वडिलांचा फोन आला. कानडी, तेही घाईघाईचं. त्यांना हवे होते कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचे, ‘इप्पत्तु’ डबे, म्हणजे वीस. सुविधाला ऐकू आलं ‘एप्पत्तु’, म्हणजे सत्तर. एका स्वराचा फरक! तिला शंका आली नव्हती असं नाही. आली होती. पण परत विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणेल, एवढं साधं कळत नाही का? म्हणून ती म्हणाली, “हौद्री, हौद्री.” होय जी, होय जी. वीस डबे गेले आणि बाकीचा कुंदा दुकानात मालकाच्या तोंडाकडं बघत बसला.

“मला कानडी कमी येतं, आज्जा,” सुविधा म्हणाली.

“खोटं,” आज्जा म्हणाला. “कानडी कमी येतंय ही कमजोरी न्हाय. ते काय, शिकलं की येतंय. तुला ‘कळलं न्हाय’ म्हनायची लाज वाटती. ती खरी.”

आज्जानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“ही लाज तुझी न्हवं, पोरी. ही माझी हाय, तुझ्यापातूर आली. आमी तंबाखूच्या वखारीत हमाली करायचो. आमच्या मानसानं उलटून इचारायचं न्हाय, असाच रिवाज. कळो न कळो, ‘व्हय जी’. मुकादम कानडी मुलखातला. एक डाव त्यो भराभरा कायतरी बोलला. मी म्हनलो, व्हय जी. घरला येतोय तवर मागनं एकानं सांगितलं, देवाप्पा, पोराला शाळेतनं काढून उद्यापासनं वखारीत धाडतो म्हनून कबूल झालास की रं!”

“म्हणजे पप्पांना?” पारमिता किंचाळली. तिचे पप्पा, प्रेमानंद सर, आज अख्ख्या निपाणीत गणिताचे मास्तर म्हणून ओळखले जातात!

“त्यालाच की. तुमची आज्जी, सोनुबाई, दुसऱ्या दिवशी तडक वखारीत. तंबाखू निवडनाऱ्या सगळ्या बायकांच्या म्होरं मुकादमाला म्हनली, काय म्हनालासा मालक? कळलं न्हाय. परत सांगा की! त्यानं सांगितलं. ही म्हनती, न्हाय कळलं, जरा दमानं परत सांगा. शेवटी त्याला मराठीत, मोठ्यांदा, सगळ्यांच्या म्होरं बोलायला लागलं, तुझ्या पोराची शाळा सोडीव आन् त्याला पोती उचलायला धाड! बोलला आन् आपलं आपनच खाली बघाय लागला. मग ही म्हनली, आत्ता कळलं. न्हाय जी!”

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी सोनुबाईचा फोटो होता. पदर डोक्यावर, नजर सरळ. तो फोटो सुविधा रोज बघायची. आज मात्र तिला वाटलं, आज्जी आपल्यालाच विचारतेय, काय म्हणालीस गं? परत सांग की!

“तुझ्या आज्जीनं परत इचारलं म्हनून तुझा बाप शिकला,” आज्जा म्हणाला. “आन् तू शिकून ‘हौद्री’ म्हनतीस? माझं ‘व्हय जी’ आन् तुझं ‘हौद्री’, यात काय फरक पडला गं?”

त्या एका प्रश्नानं सुविधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

दुसऱ्याच दिवशी तिनं शेजारच्या गुणाबाईंना गाठलं. त्यांचं माहेर गोकाकचं. “काकू, माझ्याशी कानडीतच बोला, आणि सावकाश नको, भराभर बोला.” गुणाबाईंना काय, बोलायला निमित्तच हवं होतं! कळलं नाही की सुविधा म्हणायची, “इन्नोम्मे हेळ्री,” म्हणजे परत सांगा की. पहिल्यांदा जीभ अडखळली. पण गुणाबाई रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत, उलट खूश झाल्या. त्यांच्या घरात त्यांचं बोलणं दुसऱ्यांदा ऐकायला कुणी तयारच नव्हतं!

मुलाखतीचा दिवस उजाडला. काकती मागं पडली, बेळगाव आलं, दुसरी बस धरून सुविधा मच्छेला पोचली. बाहेर बाकावर शेजारी बसलेला एक मुलगा डोळे मिटून पुटपुटत होता, “मी परफेक्शनिस्ट आहे, मी परफेक्शनिस्ट आहे…”

आत माधवी मॅडम होत्या आणि त्यांच्या शेजारी मिशाळ हिरेमठ साहेब. शिक्षण झालं, गाव झालं, आणि मॅडमनी विचारलंच.

“तुमची कमजोरी काय?”

परफेक्शनिस्ट हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला! किती सोपा, किती गुळगुळीत! सुविधानं तो गिळून टाकला.

“मॅडम, मला समजलं नाही, तरी मी ‘समजलं’ म्हणायची. परत विचारायची लाज वाटायची. त्यापायी वीसच्या जागी सत्तर कुंद्याचे डबे झाले आणि माझी नोकरी गेली.”

साहेबांची मिशी हलली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग आता?”

“आता कुणी कानडीत आकडा सांगितला, की मी तो सुटा करून परत म्हणते. एरडु सोन्ने, दोन शून्य? की एळु सोन्ने, सात शून्य? समोरचा हो म्हणाला, की मगच लिहिते. शेजारच्या काकूंकडून कानडीही शिकतेय. सवय पुरती गेलेली नाही, पण आता ती आली की मला कळते.”

तेवढ्यात हिरेमठ साहेबांनी पुढं झुकून कानडीत एक प्रश्न सणसणीत वेगानं फेकला. सुविधाच्या हाती लागलं ते शेवटचं ‘माडतीरेनु’. कराल का, एवढंच! काय कराल का? साहेब तर गोड हसत होते. ओठांवर आलंच होतं… हौद्… आणि तिला फोटोतली ती सरळ नजर आठवली.

“सर, तिळीलिल्ल्री. कळलं नाही. इन्नोम्मे हेळ्री!”

साहेब खो खो हसत सुटले. “मी विचारलं, वर्षभर बिनपगारी काम कराल का?”

“इल्ल्री! नाही जी!” सुविधा एवढ्या जोरात म्हणाली, की मॅडमनाही हसू आवरेना.

“सकाळपासून दोघांना हाच प्रश्न विचारला,” साहेब डोळे पुसत मराठीत म्हणाले. “दोघेही म्हणाले, हौद्री! अहो, आमचे ड्रायव्हर तीन भाषांत बोलतात. चुकीचा माल घेऊन ट्रक परत येतो, तो भाषेमुळं नाही. कुणी परत विचारत नाही म्हणून येतो.”

मॅडम उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला. “एक तारखेपासून या.”

खरं बोलणाऱ्याला हसून बाहेर काढणारी माणसंही असतात. इथं तिचं ऐकून घेणारी माणसं भेटली होती. “थँक्यू” हा शब्द तिला फार तोकडा वाटला. तिनं दोघांनाही हात जोडले. मनात मात्र तिनं आणखी दोघींचे आभार मानले: कोट घालून सत्य ओरडणाऱ्या पारूचे, आणि वखारीत पाय रोवून उभ्या राहिलेल्या आज्जीचे.

घरी पोचताच ती चप्पल न काढता आज्जाकडं धावली. “आज्जा, नोकरी लागली!”

“आँ? काय म्हनलीस?”

“नोकरी लागली! मच्छेत! रोज बसनं जाईन-येईन, मी कुठं जात न्हाय!”

“न्हाय कळलं. परत सांग की.”

“नोकरी लागली, आज्जा!”

पारमितानं निरखून बघितलं. आज्जाचे डोळे पहिल्याच वेळी भरले होते. “आक्का, ह्याला पहिल्यांदाच ऐकू आलंय गं! लबाड हाय लई!”

“व्हय,” आज्जा हसत म्हणाला, “पर ग्वाड लागतंय की कानाला. अजून एकदा सांग.”

मैत्रिणींनो, मित्रांनो, परत विचारायचा हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. आपल्या आधीच्या कुणीतरी भर वखारीत उभं राहून तो मिळवलाय. तो लाजेपायी घालवू नका! आपली कमजोरी रंगवून सांगण्यापेक्षा ओळखून सांगा, आणि तिच्यावर काय करताय तेही सांगा. आणि हो, उद्या कुणी आपल्याला “कळलं नाही, परत सांगा की” म्हणालं, तर कपाळावर आठी न आणता, आनंदानं परत सांगूया. आज्जाला सांगितलं तसं!